अल्कलॉइड औषध पेशीपटलात किती शिरतं, कुठे बसतं? नागपूरच्या प्रयोगशाळेत मोजण्याची रीत

तर्री पोह्याचा तिखटपणा कुठे असतो, हे कुठल्याही नागपूरकराला ठाऊक आहे: वरच्या लाल तवंगात. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळतं, म्हणून भिवापुरी मिरचीचा सगळा जहालपणा तेलासोबत वर येतो. पेशीभोवतीचं पटलही मुळात लिपिडांचा, म्हणजे तेलकट रेणूंचा, दुहेरी थर असतो. जाडी साधारण ४ नॅनोमीटर. इतका पातळ थर, पण वनस्पतींमधली कितीतरी अल्कलॉइडं, म्हणजे नायट्रोजन असलेली औषधी द्रव्यं, आजूबाजूच्या पाण्यापेक्षा याच थरात शेकडो पटींनी जास्त साठतात.

नागपुरात दरवर्षी एम. फार्म. आणि एम. एस्सी.च्या प्रबंधांमध्ये दारुहळद, गुळवेल, पांढरा कुडा, सदाफुली यांच्या अल्कलॉइडांवर काम होतं. जिवाणू किंवा कर्कपेशी किती मेल्या हे मोजतात, मग संगणकावर डॉकिंग करून, म्हणजे औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवून पाहून, एखादं प्रथिन शोधतात आणि औषध त्या प्रथिनाला चिकटतं असं लिहितात. मधलं पटल कुणी मोजत नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण औषधाला प्रथिनापर्यंत पोहोचायचं तर पटलातून जावंच लागतं आणि बऱ्याचदा त्याचं खरं काम पटलातच झालेलं असतं. कॅप्सेसिन, कर्क्युमिन, रेस्व्हेराट्रॉल यांसारखी वनस्पतिद्रव्यं लिपिड-थराचे गुणधर्मच बदलतात आणि त्यामुळे एकमेकांशी काही संबंध नसलेल्या अनेक प्रथिनांचं काम एकदम बिघडतं, हे २०१४ साली प्रयोगांनी दाखवलं गेलं आहे. कॅप्सेसिनला धरणारं स्वतःचं खास ग्राही-प्रथिन (रिसेप्टर), टीआरपीव्ही-१, आहेच. पण ते अगदी कमी मात्रेत उत्तर देतं. मात्रा वाढली की पटलाचा परिणाम सुरू होतो. आपला निकाल यांपैकी कुठल्या मात्रेतला आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

फ्लुरोमीटर, साधा डीएससी (तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणारं यंत्र), रोटरी इव्हॅपोरेटर आणि यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर एवढी साधनं असतील तर हे मोजमाप करता येतं. पुढे सगळी रीत क्रमाने देतो.

पहिली पायरी: प्रयोगाआधी कागदावर विद्युतभार काढा

अल्कलॉइड म्हटलं की नायट्रोजन आला, आणि तो नायट्रोजन शरीराच्या पीएचला प्रोटॉन धरून बसला आहे की मोकळा आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. यासाठी चार उदाहरणं पुरेशी आहेत.

क्विनीन १८२० साली पेल्तिए आणि कावाँतू यांनी सिंकोनाच्या सालीतून वेगळं केलं. त्याचा मुख्य पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन धरून असतात तो आकडा, सुमारे ८.५ आहे. पीएच ७.४ ला हिशेब केला तर साधारण ९३ टक्के रेणू धनभारित आणि ७ टक्के भाररहित निघतात. पटलाच्या तेलकट गाभ्यातून पलीकडे जातात ते मुख्यतः हे ७ टक्के. ते गेले की उरलेल्यांपैकी काही पुन्हा भाररहित होतात, आणि वाहतूक चालू राहते. पलीकडे आम्ल असेल तर तिथे पोहोचलेला रेणू प्रोटॉन घेतो आणि अडकतो. मलेरियाच्या परजीवीच्या आम्लधर्मी अन्नपोकळीत क्विनीन साठतं, त्यामागे हेच कारण आहे.

दारुहळदीतलं बर्बेरीन वेगळं आहे. त्याचा नायट्रोजन चतुर्थक आहे, म्हणजे त्याचे चारही बंध कार्बनशी आहेत, त्यामुळे नेहमीच्या पीएचला त्याचा धनभार कायम असतो आणि पीएच बदलून तो घालवता येत नाही. तरीही ते पटलात शिरतं, कारण त्याचा भार एका अणूवर न राहता मोठ्या सपाट सुगंधी चौकटीवर पसरलेला असतो. असे रेणू मायटोकॉन्ड्रियात ओढले जातात. तिथल्या आतल्या पटलावर सुमारे १८० मिलिव्होल्टचा ऋण विभव असेल, तर दर ६० मिलिव्होल्टला दसपट या हिशेबाने आत हजारपट साठा होऊ शकतो.

काळ्या मिरीतलं पिपरीन अमाइड आहे, त्यामुळे पीएच ७.४ ला ते व्यवहारतः भाररहित असतं. पाण्यात फार कमी विरघळतं आणि लिपिडात खोल जातं.

कळलावीतल्या कोल्चिसीनवरही भार नाही, पण ते पिपरीनपेक्षा बरंच जलस्नेही आहे. त्याचं मुख्य लक्ष्य ट्युब्युलिन प्रथिन आहे. पटलाच्या प्रयोगात कोल्चिसीन तुलनेसाठी फार उपयोगी पडतं, कारण प्रकाशात त्याचं ल्युमिकोल्चिसीन होतं आणि ते ट्युब्युलिनला चिकटत नाही. दोघांचाही परिणाम सारखाच दिसला, तर तो ट्युब्युलिनमुळे नाही, हे सरळ कळतं. प्रत्येक अल्कलॉइडला असा जोडीदार मिळत नाही. मिळाला तर सोडू नका.

आपल्या औषधासाठी पीकेए, लॉग पी (तेलाकडे किती ओढ आहे तो आकडा), पीएच ७.४ ला भारित आणि भाररहित रेणूंचं प्रमाण आणि शोषणपट्टे (औषध कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतं ते) एका पानावर लिहून काढा. शोषणपट्टे का लागतात ते पुढे येईल.

इतवारीच्या बाजारातून आणलेल्या दारुहळदीचा अर्क या कामाला चालत नाही. त्यात बर्बेरीनसोबत इतर अल्कलॉइडं असतात, टॅनिन असतात आणि साबणासारखे सॅपोनिन असले तर ते एकटेच पटल फोडू शकतात. अर्कावर नंतर जरूर काम करा, पण सुरुवात शुद्ध, प्रमाणित नमुन्यानेच करा. पिपरीन आणि कोल्चिसीन दोन्ही उजेडात बदलतात, म्हणून गडद बाटल्या वापरा आणि खिडकीजवळच्या टेबलावर काम करू नका. कोल्चिसीन तोलताना हातमोजे आणि मास्क हवेच. त्याची विषारी मात्रा फार लहान असते.

दुसरी पायरी: लिपिड निवडा, आणि नागपूरचं तापमान विसरू नका

खऱ्या पेशीचं पटल म्हणजे शेकडो प्रकारच्या लिपिडांचं मिश्रण. आपण त्याची साधी प्रतिकृती बनवतो, ती म्हणजे लिपोसोम. १९६०च्या दशकात बँगहॅम यांनी ही लिपिडांची पोकळ गोलकं पहिल्यांदा नीट दाखवली. सस्तन पेशीच्या बाहेरच्या थराची नक्कल हवी असेल तर फॉस्फॅटिडिलकोलिन आणि कोलेस्टेरॉल, आतल्या थरासाठी थोडं फॉस्फॅटिडिलसेरीन, जिवाणूसाठी फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल आणि कार्डिओलिपिन, बुरशीसाठी अर्गोस्टेरॉल. बर्बेरीनसारखं धनभारित औषध ऋणभारित लिपिडाकडे जास्त ओढलं जातं. म्हणून किमान दोन प्रकारचे लिपोसोम करा: एक भाररहित, दुसरा ऋणभारित.

आता तापमान. प्रत्येक शुद्ध फॉस्फोलिपिडाचं एक संक्रमण तापमान असतं. त्याखाली साखळ्या ताठ राहून थर घट्ट जेलसारखा असतो, त्यावर साखळ्या मोकळ्या होऊन थर प्रवाही होतो. प्रयोगात नेहमी लागणाऱ्या तीन फॉस्फॅटिडिलकोलिनांपैकी डीपीपीसीचं हे तापमान ४१ अंश सेल्सिअस आहे, डीएमपीसीचं सुमारे २४ अंश, पीओपीसीचं शून्याखाली २ अंश.

पुण्याची किंवा परदेशातली प्रयोगपद्धत जशीच्या तशी उतरवणाऱ्यांना नागपुरात इथेच अडचण येते. 'कक्षतापमानाला' हा शब्द तिथे २५ अंश असतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो, वीज गेली की बंद खोलीतही ४० ओलांडतो, आणि डीपीपीसी नेमकं आपल्या संक्रमणावर येऊन उभं राहतं. संक्रमणाच्या जवळ लिपोसोम सर्वांत जास्त गळतात, म्हणजे औषध न घालताच गळती दिसते. डिसेंबरात सकाळी थंड खोलीत डीएमपीसी जेल अवस्थेत असतं आणि दुपारी तेच प्रवाही होतं. सकाळी एक निकाल आणि दुपारी दुसरा आला की विद्यार्थी औषधाला दोष देतात.

म्हणून प्रत्येक मापनाला पाण्याचा थर्मोस्टॅट लावा, क्युव्हेटमधलं तापमान तिथेच मोजा आणि वहीत लिहा. ३७ अंशाला काम करायचं असेल तर डीपीपीसी निवडू नका, कारण त्या तापमानाला ते अजून जेल आहे आणि मानवी पेशीचं पटल तसं नसतं. पीओपीसी घ्या. डीपीपीसी डीएससीसाठी राखून ठेवा, तिथे त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

लिपिड महाग असतं, पण वाटतं त्यापेक्षा कमी लागतं. २५ मिलिग्रॅम डीपीपीसी म्हणजे सुमारे ३४ मायक्रोमोल, त्यातून १ मिलिमोलरचं ३४ मिलिलिटर मिश्रण होतं. किराणा दुकानातलं किंवा आरोग्याच्या दुकानातलं सोया लेसिथिन वापरू नका. त्यात अनेक लिपिडं, तेल आणि कधी ऑक्सिडीकरण झालेला भागही असतो. अंड्याचं किंवा सोयाचं शुद्ध फॉस्फॅटिडिलकोलिन चालेल, मात्र त्यात असंतृप्त साखळ्या असल्याने ते उन्हाळ्यात लवकर खवटतं. नायट्रोजनखाली, उणे २० अंशाला ठेवा. शंका आली तर मिथेनॉलमध्ये विरघळवून २३३ नॅनोमीटरला शोषण पाहा. तिथे उंचवटा दिसला तर ऑक्सिडीकरण झालं आहे.

तिसरी पायरी: लिपोसोम बनवणं

पातळ थराची जुनी रीतच सर्वांत भरवशाची. लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा, गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये घ्या, रोटरी इव्हॅपोरेटरवर द्रावक उडवा. भिंतीवर एकसारखा पातळ थर दिसला पाहिजे. मग फ्लास्क दोन तास किंवा रात्रभर व्हॅक्युममध्ये ठेवा. राहिलेला क्लोरोफॉर्म स्वतःच पटल बिघडवतो.

उन्हाळ्यात इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. क्लोरोफॉर्म ६१ अंशाला उकळतो, त्यामुळे ४० अंशाच्या खोलीत बाटली उघडी राहिली की तो भराभर उडतो आणि साठ्याचं प्रमाण वाढत जातं. बाटली बर्फात ठेवा, काचेची सिरिंज वापरा, प्लास्टिकची टोकं नको. दुसरं, कंडेन्सरला गच्चीवरच्या टाकीचं पाणी लावलं असेल तर मे महिन्यात ते पाणीच गरम असतं. क्लोरोफॉर्मची वाफ थंड होऊन द्रव होत नाही, पंपातून खोलीत येते. बर्फाच्या पाण्याचा छोटा पंप किंवा चिलर जोडा, आणि काम फ्यूम हूडखालीच करा.

आता थरावर बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, घाला. पीएच ७.४ चा १० मिलिमोलर हेपीज आणि १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड बऱ्याच कामांना योग्य आहे. लिपिड १० मिलिमोलर ठेवा, डीपीपीसीसाठी ते दर मिलिलिटरला ७.३ मिलिग्रॅम होतं. बफर आणि फ्लास्क दोन्ही संक्रमण तापमानाच्या वर असले पाहिजेत, डीपीपीसीसाठी ५० ते ५५ अंश. हलवत राहा, व्हॉर्टेक्स करा. दुधाळ मिश्रण तयार होईल, ती अनेक थरांची मोठी गोलकं असतात. डीएससीसाठी इथेच थांबा.

प्रकाशीय मापनांसाठी हे मिश्रण पाच ते दहा वेळा गोठवून वितळवा आणि १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट गाळणीतून एक्स्ट्रूडरने ११ किंवा २१ वेळा ढकला. विषम संख्या घेतल्याने शेवटचा माल न गाळलेल्या बाजूला राहत नाही. एक्स्ट्रूडरही गरम हवा. जेल अवस्थेतलं लिपिड ढकलायला गेलात तर गाळणी फाटते. मिश्रण आता किंचित निळसर झाकेचं, जवळजवळ पारदर्शक दिसेल.

एक्स्ट्रूडरमध्ये थोडं लिपिड हरवतंच. म्हणून अंतिम लिपिड मोजा. स्ट्युअर्ट पद्धतीत अमोनियम फेरोथायोसायनेटसोबत लिपिडाचा लाल संकुल क्लोरोफॉर्मच्या थरात येतो आणि ४८५ नॅनोमीटरला वाचता येतो. ती स्वस्त आहे आणि कोणत्याही फार्मसी प्रयोगशाळेत जमते. मात्र फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल ती नीट पकडत नाही, तिथे फॉस्फरसाचं मापन करा. हा टप्पा गाळला तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो.

चौथी पायरी: किती शिरलं? विभाजन गुणांक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

विभाजन गुणांक म्हणजे औषधाचं पटलातलं प्रमाण भागिले पाण्यातलं प्रमाण. तत्त्व सोपं आहे. औषधाचं प्रमाण स्थिर ठेवून लिपोसोम वाढवत जायचे आणि औषधाचा एखादा प्रकाशीय गुणधर्म कसा बदलतो ते पाहायचं. बर्बेरीन यासाठी फार छान आहे: पाण्यात त्याचं प्रतिदीप्तीन (एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून दुसऱ्या तरंगलांबीचा देणं) मंद असतं, कमी ध्रुवीय जागेत शिरलं की वाढतं आणि सुमारे ५३० ते ५५० नॅनोमीटरला वाचता येतं.

क्युव्हेटमध्ये ५ मायक्रोमोलर बर्बेरीनचं २ मिलिलिटर द्रावण घ्या. थर्मोस्टॅट ३७ अंश. लिपोसोम ५ ते २० मायक्रोलिटरच्या भागांत घाला, दर वेळी दोन ते पाच मिनिटं थांबा आणि वाचन स्थिर झाल्यावर नोंद करा. शेजारी दुसरं क्युव्हेट ठेवा: फक्त बफर आणि तितकेच लिपोसोम, औषध नाही. लिपोसोम प्रकाश विखुरतात, तो भाग या दुसऱ्या क्युव्हेटवरून वजा करा. विरलतेची दुरुस्ती करा. उत्तेजनाच्या तरंगलांबीला औषधाचं शोषण ०.१ च्या आत ठेवा, नाहीतर क्युव्हेटच्या पुढच्या भागातच प्रकाश शोषला जाऊन खोटी घट दिसते.

आलेल्या बिंदूंमधून वक्र बसवा. मोजलेली तीव्रता म्हणजे पाण्यातल्या रेणूंची आणि पटलातल्या रेणूंची भारित सरासरी, आणि वाटणी ठरते विभाजन गुणांक गुणिले लिपिडाचं घनफळ या गुणाकारावर. फॉस्फॅटिडिलकोलिनसाठी दर मोलला सुमारे ०.७६ लिटर घ्या. वक्र बसवायला संगणकावरचं अरेषीय बसवणंच वापरा. जुनी उलट्या आकड्यांची सरळ रेषा काढू नका, ती कमी लिपिडाच्या दोषांना अवास्तव वजन देते.

आकड्यांचा अर्थ उदाहरणाने पाहू. विभाजन गुणांक १००० आला आणि लिपिड ०.१ मिलिमोलर असलं, तर लिपिडाचं घनफळ दर लिटरला ०.०७६ मिलिलिटर होतं. गुणाकार ०.०७६, म्हणजे पटलात फक्त ७ टक्के औषध. क्षुल्लक वाटतं. पण तेवढं ७ टक्के त्या अतिशय छोट्या घनफळात कोंबलेलं आहे: १० मायक्रोमोलर द्रावण घेतलं असेल तर पटलातलं प्रमाण ९ मिलिमोलरच्या वर जातं. पटलात लिपिड स्वतः सुमारे १.३ मोलर असतं, म्हणजे दर १४० लिपिड रेणूंमागे औषधाचा एक रेणू. लिपिड १ मिलिमोलर केलं तर ४३ टक्के औषध पटलात जातं आणि मोकळं औषध जवळजवळ निम्म्यावर येतं. पेशींच्या प्रयोगातही हेच घडतं: दाट पेशी घेतल्या तर तेच औषध कमी ताकदीचं वाटतं. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा हे कारण आधी तपासा.

ऋणभारित लिपिड वापरलं तर आणखी एक भर पडते. ऋण पृष्ठभागाजवळ धनभारित औषधाचं प्रमाण द्रावणापेक्षा आधीच वाढलेलं असतं, त्यामुळे मिळणारा गुणांक मिठाच्या प्रमाणावर अवलंबून राहतो. १०, १०० आणि १५० मिलिमोलर मिठात तोच प्रयोग करा. मीठ वाढवल्यावर गुणांक कोसळला तर आकर्षण मुख्यतः विद्युतभाराचं होतं. फारसा हलला नाही तर तेलकट ओढीचं. झीटा पोटेन्शियल, म्हणजे गोलकाच्या पृष्ठभागाजवळचा विद्युत विभव, मोजता आलं तर हेच दुसऱ्या बाजूने दिसतं: बर्बेरीन वाढवत गेलात की ऋण आकडा शून्याकडे सरकतो.

क्विनीनचा सल्फ्युरिक आम्लातला निळा प्रकाश सगळ्यांना माहीत असतो, पण क्लोराइड आयन तो विझवतात. मिठाच्या बफरात क्विनीनचं प्रतिदीप्तीन वापरायचं असेल तर आधी क्लोराइडचा परिणाम वेगळा मोजा, किंवा क्लोराइडऐवजी सल्फेट घ्या.

पिपरीनसाठी प्रतिदीप्तीनापेक्षा यूव्ही शोषणाच्या वक्राचं दुसरं व्युत्पन्न (सेकंड डेरिव्हेटिव्ह) सोयीचं पडतं, कारण त्यात विखुरण्याची पार्श्वभूमी बरीच गळून जाते. पिपरीनचा साठा डायमिथिल सल्फॉक्साइडात करावा लागतो. अंतिम द्रावणात त्याचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली ठेवा आणि तेवढंच द्रावक घातलेला नियंत्रक नमुना हवाच. तेलकट अल्कलॉइडं प्लास्टिकलाही चिकटतात, काचेची किंवा क्वार्ट्झची भांडी घ्या.

पाचवी पायरी: कुठे बसलं आणि थराचं काय झालं?

डीएससी हे यासाठी माझं आवडतं साधन आहे. आपल्या बहुतेक फार्मसी महाविद्यालयांत औषध आणि सहायक द्रव्यांची सुसंगती तपासायला ते असतंच, लिपिडासाठी मात्र फार कमी वापरलं जातं. साध्या पॅनच्या यंत्रावर घट्ट मिश्रण लागतं, वजनाने १० ते २० टक्के लिपिड. पॅन सीलबंद हवा, नाहीतर पाणी उडून जाईल. शुद्ध डीपीपीसीचे दोन उंचवटे दिसतात: ३५ अंशाजवळ छोटा पूर्वसंक्रमणाचा, ४१ अंशाला मोठा आणि अरुंद, सुमारे ३५ किलोजूल प्रतिमोल उष्णतेचा. हे दोन्ही नीट आले नाहीत तर औषध घालू नका, आधी लिपिड आणि पाणी तपासा.

मग औषध १:५०, १:२० आणि १:१० या मोल-प्रमाणांत घाला. भाररहित पिपरीन लिपिडासोबत क्लोरोफॉर्ममध्येच मिसळा, म्हणजे सगळ्या थरांत पोहोचेल. बर्बेरीन बाहेरून बफरात घातलं तर अनेक थरांच्या गोलकात ते मुख्यतः बाहेरच्या थरांपर्यंतच जातं आणि दोन मिसळलेले उंचवटे दिसतात. त्याला औषधाचे दोन बंध समजू नका. हायड्रेशनच्या बफरातच बर्बेरीन घाला आणि संक्रमणाच्या वरखाली तीनदा तापवून थंड करा.

निकाल असा वाचा. छोटा उंचवटा नाहीसा झाला आणि मोठा जवळजवळ जागेवर राहिला, तर औषध लिपिडाच्या डोक्यांजवळ बसलं आहे. मोठा उंचवटा खाली सरकला, रुंद झाला, पण उष्णता फारशी घटली नाही, तर ते ग्लिसरॉलजवळ, साखळ्यांच्या वरच्या भागात घुसलं आहे. उष्णताही ठळकपणे घटली तर साखळ्यांच्या मध्ये खोलवर. हे संकेत आहेत, पुरावा नव्हे. जागेबद्दल ठाम विधान करायचं तर एनएमआर किंवा संगणकीय अनुकरणाची जोड हवी. आणि कोलेस्टेरॉल ३० टक्क्यांच्या वर घातलं की उंचवटा स्वतःच विरून जातो, म्हणून कोलेस्टेरॉलचे नमुने डीएससीवर नेऊन काही हाती लागत नाही.

प्रवाहीपणासाठी डीपीएच आणि लॉर्डन हे प्रोब, म्हणजे थरात शिरून त्याची अवस्था सांगणारे चमकणारे रंग, सर्रास वापरतात. सुरुवातीच्या पानावर शोषणपट्टे लिहायला सांगितलं ते यासाठी. डीपीएच ३६० नॅनोमीटरला उत्तेजित होतं आणि ४३० ला प्रकाश देतं. पिपरीनचं शोषण ३४० ते ३४५ जवळ, बर्बेरीनचं ३४५ आणि ४२० च्या आसपास. म्हणजे ही दोन्ही औषधं प्रोबचा प्रकाश स्वतःच गिळतात, आणि तीव्रता घटली की 'पटल बदललं' असं वाटतं. दुरुस्ती करता येते, पण मी बर्बेरीनसाठी हे प्रोब टाळायला सांगेन. ५५० नॅनोमीटरजवळ उत्तेजित होणारं नाइल रेड घ्या, तिथे बर्बेरीन शोषत नाही.

संगणकाची बाजू थोडक्यात. चार्म-गुई हे संकेतस्थळ वापरून १२८ पीओपीसी रेणूंचं पटल बांधता येतं आणि ग्रोमॅक्स हा मोफत प्रोग्राम ते चालवतो. क्विनीनसाठी भारित आणि भाररहित अशी दोन्ही रूपं वेगवेगळी चालवा. एकाच रूपावरून निष्कर्ष काढलेला प्रबंध मी स्वीकारणार नाही.

सहावी पायरी: पटल फुटतं का?

शिरणं आणि फोडणं वेगळं. लिपोसोम ५० ते १०० मिलिमोलर कार्बॉक्सिफ्लुरेसीन या चमकणाऱ्या रंगात बनवा, बाहेरचा रंग आकाराने रेणू वेगळे करणाऱ्या सेफाडेक्स जी-५० च्या स्तंभावर काढून टाका. आत दाटीमुळे रंग स्वतःला विझवतो, बाहेर गळला की चमकतो. उत्तेजन ४९२, वाचन ५१७ नॅनोमीटर. शेवटी ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे पटल विरघळवणारं डिटर्जंट घालून १०० टक्के गळती मिळवा. टक्केवारी काढताना मोजलेल्या तीव्रतेतून सुरुवातीची वजा करा आणि ट्रायटननंतरच्या तीव्रतेतून सुरुवातीची वजा करून येणाऱ्या आकड्याने भागा. या रंगाची चमक पीएचवर बदलते, आणि अल्कलॉइडाचा क्षार किंवा मुक्त आम्लारी घातल्यावर कमजोर बफराचा पीएच सरकू शकतो. पीएच पुन्हा मोजा.

सकारात्मक नियंत्रक म्हणून टोमॅटिन घ्या. कच्च्या हिरव्या टोमॅटोतलं हे स्टेरॉइडी ग्लायकोअल्कलॉइड कोलेस्टेरॉलशी संकुल बनवून पटलात भगदाडं पाडतं. कोलेस्टेरॉल असलेले लिपोसोम फुटतात, नसलेले बरेचसे शाबूत राहतात. त्याची साखर काढलेलं टोमॅटिडीन तसं फोडत नाही. आपलं औषध कोलेस्टेरॉलसह आणि कोलेस्टेरॉलशिवाय दोन्हीकडे तपासलं की ते टोमॅटिनसारखं वागतं की फक्त थरात मुरतं, हे स्पष्ट होतं. बर्बेरीन आणि पिपरीनसारखी अल्कलॉइडं साधारणपणे मुरणाऱ्या गटातली.

कोलेस्टेरॉलचा उलटा उपयोगही आहे. सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टीन स्फिंगोमायलिन आणि कोलेस्टेरॉलच्या घट्ट लिपोसोममध्ये भरून केलेल्या औषधाला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली, पुढे ते बाजारातून मागे घेतलं गेलं. भरण्याची युक्ती मात्र शिकण्यासारखी: आत आम्ल, बाहेर उदासीन. भाररहित रेणू आत जातो, प्रोटॉन घेतो, अडकतो. क्विनीनवर ही युक्ती तुम्हीही करून पाहू शकता. बर्बेरीनवर ती चालणार नाही, त्याला भाररहित रूपच नाही.

सातवी पायरी: खऱ्या पेशीकडे

लिपोसोमनंतर लाल पेशी. मानवी रक्त घ्यायचं तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी. म्हणून बरेच जण खाटकाकडून सायट्रेटमध्ये शेळीचं रक्त आणतात. तेव्हा लक्षात ठेवा: शेळी, मेंढी, गाय यांच्या लाल पेशींत फॉस्फॅटिडिलकोलिन जवळजवळ नसतं, त्याची जागा स्फिंगोमायलिन घेतं. शेळीच्या पेशी फुटल्या नाहीत म्हणून माणसाच्या फुटणार नाहीत, असं म्हणता येत नाही. शेळीच्या रक्तासोबत स्फिंगोमायलिन आणि कोलेस्टेरॉलचे लिपोसोमही करा, म्हणजे तुलना सारख्याची सारख्याशी होईल.

पेशी तीनदा धुवा, २ टक्के निलंबन ठेवा, ३७ अंशाला एक तास औषधासोबत उबवा, मग फिरवून वरचं द्रव ५४० नॅनोमीटरला वाचा. ४१५ ला हिमोग्लोबिन अधिक तीव्र दिसतं, पण बर्बेरीनचं ४२० चं शोषण त्यात मिसळतं, म्हणून तिथे जाऊ नका. निलंबनातलं लिपिडही मोजा आणि चौथ्या पायरीतल्या गुणांकावरून पटलात दर किती लिपिडांमागे औषधाचा एक रेणू बसला, हे काढा.

प्रबंधात निकाल लिहिताना मायक्रोमोलरच्या रकान्याशेजारी हा रेणू-प्रमाणाचा रकाना द्या. त्यापुढे लिपिडाची रचना, क्युव्हेटमधलं तापमान, पीएच, मिठाचं प्रमाण आणि त्या पीएचला भाररहित रेणूंची टक्केवारी. जिवाणू किंवा कर्कपेशी मारणारी मात्रा दर १०० लिपिडांमागे एकापेक्षा जास्त रेणू देत असेल, तर डॉकिंगमधल्या प्रथिनाचं नाव शीर्षकात घालण्याआधी त्या प्रथिनाशिवायच्या पेशीवर, किंवा ल्युमिकोल्चिसीनसारख्या निष्क्रिय जोडीदारावर, तोच प्रयोग करून दाखवा.